गुरुवारचं मीटर

"मॅडम, तुमचे वडील दर गुरुवारी आमच्याकडे मीटर वाचायला येतात," छपाईवाली म्हणाली. मोठ्या मशीनमधून नकाशा हळूहळू बाहेर सरकत होता आणि न्हाऊ घातलेलं मूल टॉवेलात घ्यावं तसा ती तो दोन्ही हातांवर झेलत होती. बोलताना मानही वर केली नाही. मला पहिल्यांदा राग आला तो 'आमच्याकडे' या शब्दाचा. आमच्याकडे म्हणजे आम्ही राहतो त्या वसाहतीच्या भिंतीपलीकडे. तिथं रस्ता म्हणून कुणी काही आखलेलं नाही, घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली आहेत, आणि आमच्या नकाशांवर तो सगळा तुकडा मी गेली कित्येक वर्षं करड्या रंगानं भरत आले आहे, कारण करडा रंग भरला की आत काय आहे ते दाखवावं लागत नाही. राग जरा बसल्यावर बाकीचं वाक्य कानात शिरलं. माझे वडील. मीटर. "दुसरे कुणी असतील," मी म्हटलं. "तेच," ती म्हणाली. "उंच, डाव्या खांद्यातून जरा कललेले, खिशाला पेन. आमच्यात मीटरकाका म्हणतात त्यांना." मग नकाशाची कड सारखी करत, आवाज उतरवून: "आम्ही काही बोलत नाही, मॅडम. येऊ द्या."

येऊ द्या. माणसांनी कुठून निघून कुठं चालत जावं हे या कचेरीत बसून मी बावीस वर्षं ठरवते आहे. वरच्या साहेबांचे टोमणे ऐकले, बिल्डरांची लाडीगोडी ऐकली, माझ्यामागं मला 'फूटपाथ' म्हणतात तेही ऐकलं. सगळं गिळलं. पण नकाशे छापणाऱ्या बाईनं माझ्या बापाला उदारपणे देऊन टाकलेली ही परवानगी घशाखाली उतरेना. मशीनमधून बाहेर येत होता तो नकाशाही माझ्याच वसाहतीचा होता. पुढच्या महिन्यात कुठलीशी मंडळी ती पाहायला येणार होती, म्हणून मोठ्या आकारात छापायचा होता. मधोमध ते वर्तुळ, मी कंपासनं काढलेलं, दहा मिनिटांचं. या वर्तुळात राहणाऱ्या कुणालाही शाळा, दवाखाना, दुकान, बाग यांपैकी कशालाही दहा मिनिटांहून जास्त चालावं लागू नये. गाडी नकोच. मुलं आपापली शाळेत जातील, म्हातारी माणसं आपापली बागेत जातील, जाता-येता माणसं माणसांना भेटतील, भेटता-भेटता शेजार होईल. हे मी एका सभेत बोलले होते आणि टाळ्या पडल्या होत्या. वर्तुळाच्या खालच्या अंगाला करडा रंग सुरू होत होता. छपाईवाली आपलंच घर हातांवर घेऊन उभी होती आणि ते त्या करड्यात कुठं आहे हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

मी माझ्याच वसाहतीत राहते. स्वयंपाक्यानं आपलं रांधलेलं आपण खावं, असं मी तेव्हा ऐटीत म्हणत असे. आता गेली तीन वर्षं खाते आहे. माणसं चालतात, यात शंका नाही. पहाटे पाचपासून चालतात. मनगटावर घड्याळं, कानांत गाण्यांची बोंडं, नजर दहा हात पुढच्या फरशीवर. बागेभोवतीच्या पायवाटेवर लोक एकमेकांना धडकू नयेत म्हणून मी बाण रंगवून घेतले होते, सगळे एकाच दिशेचे. त्या बाणांमुळे असं झालं आहे की तीन वर्षं आमच्याकडे प्रत्येकजण प्रत्येकाच्या पाठीमागून चालतो. मला तोंडं ओळखू येत नाहीत, पाठी येतात. निळ्या टोपीची पाठ, डॉक्टरीणबाईंची ताठ पाठ, नवरा-बायकोच्या दोन पाठी, ज्यांच्यामध्ये नेमकं एका माणसाचं अंतर असतं. बाकं आहेत, दर साठ पावलांना एक, सागवानाची. त्यांच्यावर कुणी बसत नाही. बाकावर एकटं बसणं म्हणजे मला वेळ आहे आणि मला कुणी नाही, असा गळ्यात फलक अडकवून बसणं. ते कुणाला परवडेल? एकदा संध्याकाळी मी स्वतः बसून पाहिलं. अकरा पाठी माझ्यासमोरून गेल्या. बारावीनं कानातलं बोंड काढून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" आणि उत्तर ऐकायच्या आत ते परत घातलं.

या असल्या माणसांत मी बाबांना आणलं. आई गेल्यावर ते वर्षभर एकटे राहिले, नंतर भावानं आणि मी मिळून ठरवलं. म्हणजे भावानं ठरवलं आणि मी आणलं. भाऊ लांब राहतो, महिन्यातून दोनदा फोनच्या पडद्यावर उगवतो आणि विचारतो, "काय बाबा, चालताय ना?" जणू बाबा म्हणजे जुनं घड्याळ. बाबा म्हणतात, "चालतोय." दोघांचंही समाधान होतं. पहिल्या दिवशी मी बाबांना सगळं फिरवून दाखवलं. दुकान दाखवलं, दवाखाना दाखवला, उतरत्या कठड्याच्या पायऱ्या दाखवल्या. मुलीनं रांगोळीतले ठिपके मोजून दाखवावेत तशी मी पावलं मोजून दाखवत होते. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आणि मीटर कुठं आहेत?" मी हसले, कौतुकानंच. त्यांना तळघरात नेलं, कुलूप लावलेली खोली दाखवली. "सगळे इथं एकत्र. आकडे तारेवरून आपोआप जातात. आता कुणाला कुणाच्या घरात जावं लागत नाही, बाबा." त्यांनी कुलपाला बोट लावलं, धूळ आहे का पाहावं तसं. "अच्छा," म्हणाले. इतकंच.

चौतीस वर्षं ते घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचत होते. शाळेत बापाचा धंदा लिहायचा असे तिथं मी 'वीज खात्यात' एवढंच लिहायची. मैत्रिणींचे वडील खुर्चीत बसायचे, माझे लोकांच्या दारात उभे राहायचे, याची मला लाज वाटे. एका सुट्टीत मात्र त्यांनी मला फेरीवर नेलं होतं, मी आठ वर्षांची असेन. तो दिवस माझ्या अंगावर अजून आहे. दारापाशी ते आधी खोकायचे. मग हलकेच कडी. मग तो आवाज, घरी कधीही न ऐकलेला, ऊबदार, खालच्या पट्टीतला: "मीटर वाचायला आलोय." आणि दार उघडायचं. दारामागं बाई, बाईमागं अंधार, अंधारात कुणाचा तरी खोकला, कुणाचं तरी मूल, कुठलं तरी औषध, ओलं कापड, जळकं दूध. प्रत्येक घराचा वास निराळा आणि बाबा त्या वासात पोहणाऱ्यासारखे शिरायचे. मीटर नेहमी सगळ्यात अडचणीच्या जागी असे, म्हणून पाळणा सरकवावा लागे, दोरीवरचे कपडे बाजूला करावे लागत, म्हाताऱ्याची खाट ओलांडावी लागे. आणि तेवढ्या वेळात त्या घराला जे सांगायचं असेल ते सांगून होई. सासू काय म्हणाली, पोरगी कुठं दिली, गुडघा कसा आहे. बाबा मान वर करून आकडे वाचत आणि फक्त "हं" म्हणत. त्या 'हं'साठी बायका दार उघडत असाव्यात. घरी आल्यावर ते गप्प. आई म्हणायची, "सगळं बाहेर सांडून येतात आणि मला रिकामं भांडं आणून देतात." मी मोठी होऊन सुटसुटीत वसाहती आखू लागले. त्यांत पाळणे सरकवावे लागत नाहीत.

वसाहतीत आल्यावर बाबा महिनाभर बागेत गेले. मग रहिवाशांच्या मंडळाचं पत्र आलं, छापील कागदावर, खाली सचिवाची सही: आपल्या घरातील ज्येष्ठ नागरिक पायवाटेवर उलट दिशेनं चालतात, त्यामुळे इतरांच्या चालण्यात व्यत्यय येतो. मी बाबांना विचारलं. "मग काय करू?" ते म्हणाले. "तोंडं तिकडून दिसतात." मला सचिवाची कीव आली, त्याच्या बायकोची आली, त्या छापील कागदाचीही आली. पण बाबांना मात्र मी म्हटलं, "बाण आहेत ना, बाबा. उगीच कशाला." माझेच बाण होते. दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून नऊला बाहेर पडू लागले. "पाय मोकळे करून येतो." एकला परत. ते बाणांप्रमाणे चालत असतील असं मी धरून चालले. ते जातात कुठं, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. वर्तुळात सगळं होतं; बाहेर जायचं कारणच काय?

छपाईवाली बोलली त्या रात्री, नव्हे, रात्रही झाली नव्हती, दिवे लागायचे होते, मी भावाला फोन केला. करायला नको होता. "डोकं गेलं त्यांचं," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलंच नाही असं नाही. पण आधी हायसं वाटलं, ते मला फोनमधून ऐकू आलं. "लोकांच्या घरात शिरतात? कुणी चोर म्हणून मारलं तर? मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. ते वृद्धनिवासाचं बघून ठेवलंय मी. डॉक्टर असतो, बाग आहे आतच, फाटकाला माणूस. शनिवारी गाडी घेऊन येतो." मी म्हटलं, आधी डोळ्यांनी बघते. "काय बघायचंय?" तो म्हणाला. "बरं, बघ. गुरुवारी बघून मला सांग. शनिवार पक्का." भिंतीपलीकडच्या खोलीत बाबा बातम्या ऐकत होते. फाटकाला माणूस असलेल्या बागेत ते गोल गोल फिरताहेत असं माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिथं बाण रंगवलेले असणार याची मला खात्री वाटली. तरी मी फोनवर नाही म्हटलं नाही. गणवेशातली एक नर्स त्यांना वेळेवर गोळ्या देईल, असं मनाशी म्हटलं. अशा वेळी मनाशी काय काय म्हणता येतं.

छपाईवालीनं गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, माझ्यासाठी. "अकराला येतात," ती म्हणाली. "घड्याळ लावून घ्यावं." मी तिचे आभार मानले नाहीत. आमच्या फाटकापासून तिच्या घरापर्यंत मला चाळीस मिनिटं लागली. मुख्य रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. तिथं फूटपाथ नाही, मालट्रक अंगाला वारा लावून जातात आणि प्रत्येक ट्रकनंतर आपण अजून उभे आहोत याचं नवल वाटतं. पंच्याहत्तरीचा माणूस आठवड्यातून कितीदा इथून जातो कोण जाणे. सरळ रेषेत हे अंतर चार मिनिटांचं आहे. मला ते पक्कं माहीत आहे, कारण पहिल्या आराखड्यात तिथं फाटक होतं. छोटंसं, माणसांपुरतं. रहिवाशांच्या पहिल्याच बैठकीच्या आदल्या दिवशी मी ते रबरानं खोडलं. कुणी मागणी केली नव्हती. करतील, हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनी करण्याआधीच आपण समजूतदारपणा दाखवावा असं वाटलं. त्या लोकांनी पुढं भिंतीवर काचा लावून घेतल्या तेव्हा मी त्यांना मनात हलकट म्हटलं. फाटक खोडणारीला काय म्हणावं ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

गल्लीत शिरले तेव्हा तिरस्कारानं माझं अंग ताठ झालं होतं. तो माझा जुना कोट, कुठंही जाताना मी तो घालून जाते. उघडं गटार, वळणावर वळणं, एका घराची पायरी दुसऱ्याच्या खिडकीखाली. असं कुणी आखत नाही. असं फक्त होतं. दोन बायका समोरासमोरच्या पायऱ्यांवर बसून शेंगा सोलत होत्या आणि त्यांच्या गुडघ्यांमधून मला आडवं होऊन जावं लागलं. "सरका गं, पाहुण्या आल्यात," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "पाहुण्या कसल्या, मीटरकाकांची लेक ती. चालच तशीये." डाव्या खांद्यातून मीही कलते हे मला माझ्या पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शिंप्याच्या दुकानावरून जाताना तो टाका न थांबवता म्हणाला, "ताई, वडलांना सांगा, वायर बदलली. त्यांनी हुंगून सांगितलं म्हणून बरं, नाहीतर इस्त्रीसकट आम्ही गेलो असतो." मग वर बघून: "ती वरची बाल्कनी तुमचीच ना?" मी मागं वळून पाहिलं. भिंतीवरच्या काचांच्या वर, अगदी हाताच्या अंतरावर वाटावी अशी, माझी बाल्कनी दिसत होती. "कधी कुणी उभं राहत नाही तिथं," तो म्हणाला. "आम्हाला वाटायचं जागा रिकामीच आहे."

छपाईवालीचं घर दीड खोलीचं. दाराच्या वर, आतल्या बाजूला, हात उंच केला तरी पोचणार नाही अशा जागी, काळा मीटर. वरून धूळ, खालून पुसलेला. "हा दोन वर्षं बंद आहे," ती म्हणाली. "सगळ्यांचे नवे मीटर बाहेर खांबावर बसवले. हे जुने काढायला कुणी आलंच नाही." मी म्हटलं, "आणि त्यांना ते कळत नाही." माझ्या आवाजात भाऊ बोलत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. कचेरीत ती माझ्याकडे कधी अशी पाहत नाही. "कळत नाही कसं? पहिल्याच दिवशी म्हणाले, हे बंद आहे, चकती फिरत नाही. ते खरं तर रस्ता विचारायला आले होते. सासूबाई खाटेवर होत्या तेव्हा. म्हणाल्या, बंद असू दे, आलाच आहात तर बघून जा." ती बादलीत हात घालून कपडे चुबकू लागली. "मग शेजारणीनं बोलावलं. मग सगळ्यांनी. वार ठरवून दिलेत त्यांनी, या ओळीला गुरुवार. सासूबाई गुरुवारी सकाळपासून केस विंचरून बसायच्या. मी म्हणायची, नवरा मुलगा बघायला येतोय का? गेल्या त्या गुरुवारी नाही, बुधवारी गेल्या. दुसऱ्या दिवशी काका आले, मीटर वाचला, खाटेकडे बघून 'हं' म्हणाले आणि बराच वेळ उभे राहिले. माणसं येऊन खूप बोलून गेली, मॅडम. मला तेवढं एक 'हं' लक्षात आहे."

म्हणजे बाबा वेडे नव्हते. त्यांना सगळं ठाऊक होतं, हिला ठाऊक होतं, खाटेवरच्या म्हातारीला ठाऊक होतं, शेंगा सोलणाऱ्यांना ठाऊक होतं. एका बंद मीटरच्या निमित्तानं ही सगळी गल्ली दारं उघडत होती आणि यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. फसलो होतो ते आम्ही दोघं शिकलेले, मी आणि तो गाडी घेऊन येणारा भाऊ. माणसाला शेजारी जायला दहा मिनिटं लागतील की चार, हे मी मोजत बसले. शेजारी जाऊन म्हणायचं काय, हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या वसाहतीत सतराशे माणसं आहेत आणि दुसऱ्याचं दार वाजवायला एकापाशीही कारण नाही. मला तेव्हा माझ्या सागवानी बाकांचा इतका संताप आला की हसू यायच्या बेतात होतं.

बाहेर कुणीतरी खोकलं. मग कडी वाजली, हलकेच. माझ्या हाताचे तळवे आठ वर्षांच्या मुलीचे झाले. "तुम्हीच उघडा," छपाईवाली बादलीवरून म्हणाली. "माझे हात ओले आहेत." तिला हात पुसायचे असते तर पुसता आले असते. मी दार उघडलं. गेल्या दोन वर्षांत बाबांना मी कधी दार उघडलं नव्हतं. आमच्या कुलपाची एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, आम्ही आपापले आत येतो. आता ते पायरीवर उभे होते, रस्त्याच्या धुळीनं पोटऱ्यांपर्यंत पांढरे, शर्टाची कॉलर घामानं मऊ पडलेली. त्यांनी मला पाहिलं. ओळखलं, हे त्यांच्या पापणीत दिसलं. मला वाटलं आता रागावतील, किंवा शरमतील, किंवा 'तू कशी इथं' म्हणतील, आणि मग सगळं मोडेल. त्यांनी चष्मा वर सारला. "मीटर वाचायला आलोय," म्हणाले. तोच आवाज. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यासाठी होता.

मी बाजूला झाले. त्यांनी वाट करून घेतली, टाचा उंचावल्या, मान मागं टाकली आणि त्या बंद काळ्या डबीकडे इतका वेळ पाहत राहिले की मला तिच्यात काही हलल्यासारखं वाटलं. मी बोलू लागले. काय बोलले ते नीट आठवत नाही. पाणी येत नाही म्हटलं असेन, झोप लागत नाही म्हटलं असेन. पन्नाशीच्या बाईला जे कुणालाच सांगायचं नसतं त्यातलं काही बोलले, आणि बाकाचं बोलले, आणि फाटक खोडल्याचंही बोलून गेले. ते "हं" म्हणाले. मग तसेच वर पाहत, कामातला प्रश्न विचारावा तसं विचारलं, "घरात माणसं किती?" वापराचा आणि माणसांचा मेळ बसतो का, हे त्यांना पाहावं लागत असणार. छपाईवालीच्या घरात पाच जण राहतात. "दोन," मी म्हटलं. त्यांनी टाचा खाली टेकल्या. "दोघांच्या मानानं वापर फारच कमी आहे, बाई," ते म्हणाले आणि खाटेच्या कडेवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. पुढं काही मागितलं नाही. उन्हातून आलेला माणूस बसतो तसे बसले.

मी पाणी आणायला आत वळले. पेला कुठं असतो, माठ कुठं असतो, त्या घरात मला काही ठाऊक नव्हतं आणि छपाईवाली मुद्दाम सांगत नव्हती. बाहेर तिचं कपडे पिळणं चाललं होतं. फळीवर चाचपडत असताना फोन थरथरला. भाऊ. "पाहिलंस का?" तो म्हणाला. "मी निवासवाल्यांना कळवून टाकतो, शनिवारी दहापर्यंत पोचतो."

"नको येऊस," मी म्हटलं.

"नको म्हणजे? सापडले ना बाबा? करतायत काय ते?"

पेला सापडला. मी तो विसळला.

"ठेवते आता," मी म्हटलं. "बाबा कामावर आहेत."